येशूचे उघडे डोळे

"हात धुतलेत, अक्का," असं म्हणून ते पेंटर दोन्ही तळवे माझ्या टेबलावर उताणे ठेवायचे. नखांतला रंग मात्र कधी निघाला नाही.

नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूच्या एका ग्रंथालयात नोकरीला होते. ते येलहंक्याहून बसने यायचे. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी. वडील देवांच्या मूर्ती रंगवायचे, हे सिनेमाचे बोर्ड. "स्वल्प ते मोठं पुस्तक द्या," असं 'जरा'ला कानडी 'स्वल्प' घालून म्हणायचे. म्हणजे इटलीतल्या प्रबोधनकाळातल्या चर्चमधली चित्रं. ते पुस्तक कपाटातून फक्त यांच्यासाठीच निघायचं.

घराजवळच्या चर्चने त्यांना चित्र काढायला सांगितलं होतं: मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेली मरिया. पुस्तकातलं तसलंच चित्र ते तासन्‌तास बघत.

"देवाची आई, पण हात बघा अक्का. धुणं धुऊन धुऊन रापलेले आहेत. काम चर्चचं, पण या चित्रकारानं बाई आपल्या गल्लीतली बसवली."

कलेच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं मी वाचली होती. इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

चित्र झालं, पण फादरनी लावलं नाही. मेलेल्या येशूचे डोळे यांनी उघडे काढले होते.

"आमच्यात देवाचे डोळे उघडल्याशिवाय ब्रश खाली ठेवत नाहीत."

"अहो, पण येशू मेलेला दाखवायचाय ना?"

"तिसऱ्या दिवशी उठणारच आहे की!"

मी खळखळून हसले. तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "पोरगा दवाखान्यात आहे, अक्का. महिना झाला. या हातानं दुसऱ्या कुणाच्या पोराचे डोळे कसे मिटू?"

त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

फादर भले माणूस. "सरी, ठीक आहे, थांबू," म्हणाले. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

पुढे एका दुपारी पेंटर आले, ते टेबलाशी न थांबता सरळ आत गेले. मी न मागता पुस्तक काढून दिलं. एकच पान उघडून, त्यावर बोट टेकवून बसले. जाताना म्हणाले, "पोराचे मिटले, अक्का. आता याचेही मिटतो."

ते पुन्हा आले नाहीत.

मी चर्चमध्ये जाऊन चित्र पाहून आले. डोळे मिटलेले आहेत. आमच्या पुस्तकातही त्या पानावर, येशूच्या पापणीवर, कातडीच्या रंगात उमटलेला त्यांच्या बोटाचा ठसा आहे. त्या दिवशी रंग कालवलेले हात ते धुऊन आले नव्हते. पान पुसणं माझं कामच होतं. मी पुसलं नाही.