किह, क्याहा, क्याहना

ऐंशीच्या दशकात आम्ही परदेशात, बॉथेलला राहत होतो, तेव्हा माझ्या सात वर्षांच्या मुलीने मराठी बोलणे सोडून दिले. कारण एवढेच, की गणपतीच्या जेवणाच्या वेळी ती "पाऊसचा आवाज" म्हणाली आणि जमलेले काका-काकू हसले. "अगं, पाऊसचा काय? पावसाचा!" हसणाऱ्यांत मीही होतो. त्यानंतर मी मराठीत विचारावे आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावे, असे सुरू झाले. माझ्या आईचा फोन आला की ती रिसीव्हर मुकाट्याने माझ्या हाती देई.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी शेजारच्या आयरिश आजीबाईंच्या पोर्चवर मी आणि मुलगी सर ओसरण्याची वाट पाहत होतो. त्यांचे बालपण आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, आयरिश भाषेतच गेलेले. तुमच्याकडे अशा सरीला काय म्हणतात, असे मी सहज विचारले.

"किह," त्या म्हणाल्या. "पुष्कळ आल्या तर क्याहना. पण सरीचा आवाज, सरीचा वास म्हणायचं असेल, तर क्याहा. इंद्रधनुष्य म्हणजे तुअर क्याहा, सरीची चाहूल."

मला आश्चर्यच वाटले. शाळेत सामान्यरूप म्हणून जे आम्ही निर्विकारपणे घोकले, तेच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठच्या एखाद्या खेड्यातही चालत होते. तिथेही दुसऱ्या शब्दाशी नाते जोडण्याआधी पावसाला स्वतः बदलावे लागत होते. आज सत्तरी उलटल्यावरही ते आश्चर्य माझ्यात तसेच आहे.

"किह म्हणजे तो की ती?" मुलीने इंग्रजीत विचारले.

"तो. आणि भारी खोडकर," आजीबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुमचा शब्द?"

"पाऊस. आणि नाते दाखवायला 'चा'."

"पाऊसचा," त्या ऐटीत म्हणाल्या.

मी ओठ मिटून घेतले. मुलगी मात्र खुर्चीवरून उठलीच. "नो, नो! पावसाचा! तुमच्या क्याहासारखं!"

"पाव-सा-चा," त्यांनी गिरवले.

मुलीने माझी बाही ओढली. कित्येक आठवड्यांनी ती मराठीत बोलली. "बाबा, आता त्यांना 'ढगचा आवाज' शिकवू?"

"शिकव की," मी न हसता, न सुधारता म्हणालो.