पुट्टी भरलेली भेग

कुमुदआत्या गेली त्या सकाळी नातेवाइकांच्याही आधी तिच्या जुन्या धनुर्विद्या मंडळाच्या सचिवांचा फोन आला. "बेटा, बहुत बुरा हुआ. शोकसभा आम्हीच घेतो. त्यांनी बनवलेलं एखादं धनुष्य दे, फोटोशेजारी ठेवू." ज्याने तिला मंडळातून काढलं, तोच आता तिला हार घालणार होता... मी हो म्हटलं.

आत्या हैदराबादच्या कोर्टातली नोकरी सांभाळून मंडळाच्या तारनाक्यातल्या मैदानावर मुलींना शिकवायची आणि त्यांच्यासाठी धामणीच्या लाकडाची धनुष्यं घडवायची. ओलं लाकूड नल्लकुंट्याच्या घरी आलं की आधी मेण, मग चहा. ओल टोकांतून भराभर उडते आणि लाकूड तिथूनच चिरतं, म्हणून दोन्ही टोकांना ती वितळलेलं मेण थापायची. साल तशीच ठेवून लाकूड सावलीत आडवं रचायची आणि वर्षभर त्याला घाई करायची नाही. आई वैतागायची, "वन्सं, घर आहे की वखार?" आत्या म्हणायची, "वखारीत माणसं इतकी बोलत नाहीत, वहिनी."

मग मंत्री येणार म्हणून सचिवांना नवी धनुष्यं हवी झाली. मंडळाच्या शेडमध्ये आत्याने रचलेलं लाकूड अजून ओलं होतं. "धूप में डाल दो ना, मॅडम."

"लाकूड आहे, पापड नव्हे. नक्को."

तिच्या पाठीमागे त्यांनी साल सोलून ते गच्चीवर टाकलं. अर्थातच ते तडकलं. सुताराकडून धनुष्यं करवून त्यांनी भेगांत पुट्टी भरली, वर पॉलिश मारलं. कार्यक्रमात लावण्या नावाच्या विद्यार्थिनीने दोरी ताणली आणि धनुष्य मोडून तिचा गाल फाटला. मंडळाने जाहीर केलं, दोष कुमुदबाईंच्या कारागिरीचा, आणि तिला काढून टाकलं.

मी घरात चळवळीची पत्रकं वाचत वाढले; त्याच संध्याकाळी सचिवांविरुद्ध एक लिहून काढलं. आत्याने ते घडी घालून परत दिलं. "मुलींचं मैदान बंद करतील गं. मी आहे तोवर नको." आता ती नाही.

शोकसभेत मी आत्याने जपून ठेवलेलं तेच मोडकं धनुष्य नेऊन फोटोशेजारी ठेवलं. सचिव बोलायला उठले. मी म्हटलं, "सर, आधी या भेगेत बोट घाला. ही पुट्टी कुणी भरली?"

"बेटा, ये मौका नहीं है."

"हाच आहे."

मागून लावण्या उठली. गालावरचा व्रण तिने झाकला नव्हता. "मॅडम का नहीं है ये. आपने दिया मेरे हाथ में, सर." सचिव खाली बसले. हार त्यांच्या हातातच राहिला.

ते अजून पदावर आहेत. मी माफी मागावी, असे निरोप पाठवतात. मागणार नाही. आत्याच्या खोलीत तिने शेवटचं रचलेलं लाकूड आहे. थेट वाऱ्याने ते चिरू नये म्हणून तिथे पंखा लावायचा नसतो. या उकाड्यात घाम पुसत मी तिथेच बसून हे लिहिते आहे. लाकूड सुकलं की लावण्या त्याचं धनुष्य घडवणार आहे. तोवर सचिवांची खुर्ची टिकावी, एवढीच माझी इच्छा. पहिला बाण त्यांच्याच मैदानावर, त्यांच्या समोर सुटायला हवा.