मैदानाकडे पाठ

एप्रिल लागला की मिझोगुची तोकुझोचा आवाज एक सूर वर चढायचा. त्याच्या दुकानावरून जाताना मला ते लगेच कळे. सगळा जन्म मी फिरत्या नाटक मंडळीत काढला, त्यामुळे माणसाचा चेहरा मी नंतर बघते, आवाज आधी ऐकते. हिवाळाभर हा माणूस तातामीच्या चटया शिवत मान खाली घालून बसलेला असायचा. वाळल्या गवताचा वास, हातात दाभणासारखी सुई, कोपराने चटई दाबून दोरा ओढायची ती लकब, आणि तोंडातून शब्द नाही. तोच माणूस एप्रिलमध्ये गिऱ्हाइकाला सांगायचा, "चटई गुरुवारी मिळेल. बुधवारी जमायचं नाही. बुधवारी बगळे आहेत."

बगळे म्हणजे आमच्या बंदराचा बेसबॉलचा संघ. खरं नाव हेरॉन्स; पण टोपीवर एका पायावर उभा असलेला बगळा काढलेला, म्हणून आम्ही सगळे त्यांना बगळेच म्हणतो. शेवटचा करंडक त्यांनी जिंकला तेव्हा मी अजून तरुण नायिकांची कामं करत होते. त्यानंतर आमचा बगळा एका पायावर उभाच आहे, आणि मासा काही आला नाही.

पण हंगामाचे पहिले आठवडे निराळे असतात. कुणीच अजून फारसं हरलेलं नसतं. बान्नो न्हाव्याच्या दुकानात खुर्ची रिकामी असो नसो, तोकुझो जाऊन बसायचाच.

"या वर्षी," तो म्हणायचा.

"या वर्षी काय?" बान्नो कात्री न थांबवता विचारी.

"काही नाही. नुसतं या वर्षी."

"गेल्या वर्षीही तू एवढंच म्हणाला होतास, तोकु-सान."

"गेल्या वर्षी आपल्याकडे डावखुरा नव्हता."

"आणि पहिल्या बेसवरचा आपला म्हातारा? तो गुडघ्यात वाकला की मला इथं दुकानात कटकन ऐकू येतं."

"ते आहे," तोकुझो कबूल करायचा. आणि लगेच म्हणायचा, "पण डावखुरा आहे."

डावखुरा म्हणजे सेगावा. उत्तरेकडच्या बर्फाळ गावातून आलेला, कॉलेज नुकतंच संपवलेला उंच, सडपातळ पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा पोरगा. तोकुझोने त्याला एका सराव सामन्यात चेंडू टाकताना पाहिलं आणि घरी येऊन बायकोला, हिसाएला सांगितलं, "मी मरायच्या आत करंडक बघणार." हिसाए म्हणाली, "आधी समोरच्यांची चटई पुरी करा, मग मरा."

आता त्याच्या आवाजाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या आवाजानेच घडवलं.

आमच्या नाटकात एक रीत होती. नट रंगात येऊन एखाद्या पवित्र्यात थांबला, सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलं, की मागच्या रांगेतून कुणीतरी त्याच्या नावाची हाक द्यायचं. ती हाक त्या थांबण्यात नेमकी बसावी लागते. आधी आली तर नटाचा श्वास कापते. उशिरा आली तर निघून गेलेल्या पाहुण्याला दारातून बोलावल्यासारखी वाटते. तरुणपणी तोकुझो आमच्या नाटकाला यायचा आणि त्याच्यासारखी हाक देणारा माणूस मी सगळ्या दौऱ्यांत पाहिला नाही. त्याची हाक आली की माझी पाठ आपोआप सरळ व्हायची. पुढे आमचं नाट्यगृह पाडलं, तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि तोकुझो आपला आवाज घेऊन मैदानात गेला. उजव्या बाजूच्या उघड्या बाकांवर, जिथे आमची खरी माणसं बसतात.

त्या बाकांचेही नियम आहेत. आपली फलंदाजी असली की ढोल, तुतारी, प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं. समोरच्यांची फलंदाजी असली की आपण गप्प बसून भाजलेलं माकूळ खायचं आणि बिअर प्यायची. त्या शांततेत एकट्या माणसाचा टोमणा थेट मैदानाच्या मधोमध पोचतो. आणि तोकुझोचा टोमणा म्हणजे लोक त्यासाठी तिकीट काढायचे. आपल्याच खेळाडूला टोमणा मारणं यात कुणाला वावगं वाटत नाही. उलट, परक्यांवर कशाला एवढा आवाज खर्च करायचा?

हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात सेगावा पहिल्यांदा आपल्या मैदानावर उतरला. तोकुझो सकाळपासून जेवला नव्हता. दोन डाव पोराने असे काढले की बान्नोसुद्धा गप्प झाला. तिसऱ्यात त्याचा हात बिघडला. चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर गेले की फलंदाज आयताच चालत पहिल्या बेसवर जातो. एक गेला. दुसरा गेला. तिसराही चालत गेला आणि तिन्ही बेस भरले. सेगावा चेंडू बोटांत फिरवत थांबला. मैदान श्वास रोखून बसलं.

त्या थांबण्यात, अगदी नेमका, तोकुझोचा आवाज पडला.

"सेगावा! फुकटच वाटायचं होतं तर भाताचे गोळे तरी आणायचेस!"

आधी आमचे बाक हसले, मग शेजारचे, मग सगळं मैदान. समोरच्या संघाचे खेळाडूही हसले. सेगावाने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता. पण मान वळली ती मी पाहिली. पुढचा चेंडू फलंदाजाने प्रेक्षकांत भिरकावला.

संध्याकाळच्या बातम्यांत ते हसणं दाखवलं. दुसऱ्या दिवशी बान्नोच्या दुकानात सगळे तोकुझोची पाठ थोपटत होते, आणि तोही खुशीत होता. ते लपवण्यात अर्थ नाही. पण पुढच्या सामन्यात सेगावाचं नाव पुकारलं आणि तो चेंडू हातात घ्यायच्या आतच शंभरेक माणसं एका सुरात ओरडली, "भाताचे गोळे!" तोकुझो ओरडला नव्हता. तो हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि त्याचा चेहरा मी बघत होते. त्याला वाटलं असावं, आता पुरे, आता थांबतील. ते थांबले नाहीत. सेगावाचे पहिले चार चेंडू बाहेर, पुढचे चार बाहेर. आठवडा संपायच्या आत त्याला बगळ्यांच्याच दुसऱ्या, राखीव संघात, खालच्या मैदानावर पाठवलं.

बान्नो म्हणाला, "अरे, शब्दाने पडतो तो पिचर कसला? त्याने दुसरा धंदा बघावा."

"तू कधी पडला नाहीस," तोकुझो म्हणाला, "कारण तुला कुणी मधोमध उभं केलेलं नाही."

त्याचा एप्रिलचा आवाज गेला. मैदानात तो यायचा, पण तोंड मिटून बसायचा. लोक विचारत, "काय मिझोगुची-सान, घसा बसला?" तो मान हलवी. बगळे हरत राहिले, आणि प्रत्येक हार जणू आपणच घरातून डब्यात भरून आणली आहे असा तो चेहरा करायचा. एक दिवस हिसाए माझ्याकडे आली.

"ताई, तुम्ही तरी बोला त्यांच्याशी. भाताचा गोळा केला की ताट सरकवतात. मी आता या वयात पाव भाजायला शिकू का?"

मी बोलायच्या आधी तोच आला. माझ्या खोलीत, त्यानेच शिवलेल्या चटईवर गुडघे मोडून बसला.

"ताई, माफी मागायला जायचंय. वाक्य जरा बसवून द्या."

"माफीचं वाक्य बसवायचं नसतं, तोकुझो-सान. चुकत चुकत बोला."

"सोबत तरी या. एकटा गेलो तर माझी पावलं मागे वळतील."

दुसऱ्या संघाचं मैदान कारखान्यांच्या पलीकडे, भराव टाकलेल्या जमिनीवर आहे. तिथे बाक नाहीत. जाळीला नाक लावून उभं राहायचं. सेगावा चेंडू टाकत होता. एक चेंडू असा गेला की झेलणाऱ्याच्या हातमोज्यात ढोलावर थाप पडल्यासारखा आवाज झाला. आणि तोकुझोच्या तोंडून, सवयीने, कौतुकाने, हाक गेली.

"सेगावा!"

पोराचे खांदे कानापर्यंत वर चढले. हात अर्ध्यात थांबला. पुढचा चेंडू झेलणाऱ्याच्या डोक्यावरून जाऊन जाळीवर आदळला. तोकुझोने टोपी काढून तोंडावर दाबली आणि ती सराव संपेपर्यंत काढली नाही.

फाटकाशी सेगावा बाहेर आला तेव्हा तोकुझो कमरेतून वाकला.

"तो मी. भाताच्या गोळ्यांचा. मिझोगुची. चटया करतो."

"ठाऊक आहे. मघाशी आवाज ओळखला." पोरगा गोंधळला होता. "मान वर करा ना, आजोबा. लोक बघतायत."

"बघू देत."

"पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं, खरंच. चांगला होता टोमणा." त्याने बॅगेचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "दुसऱ्या वेळी मात्र मी अजून काही केलंच नव्हतं. आता हात ठीक आहे. पण चेंडू सोडताना कान ऐकत राहतात. आत्ता कोण ओरडेल, आत्ता कोण ओरडेल."

"मी काय करू?"

"तुम्ही काय करणार? तेवढी माणसं आहेत." तो नीट वाकला, माझ्याकडेही वाकला, आणि निघून गेला.

परतीच्या बसमध्ये तोकुझो एवढंच म्हणाला, "रागावला असता तर बरं झालं असतं."

मे महिन्यात आमच्या एका पिचरचं मनगट दुखावलं आणि सेगावाला परत बोलावलं. रविवारची दुपार होती. माझ्या एका बाजूला बान्नो, दुसऱ्या बाजूला तोकुझो. भोंग्यातून नाव पुकारलं. मागच्या रांगांत हालचाल झाली, तळवे तोंडाशी गेले. मी ते न बघताही ओळखते. हशाची तयारी करणाऱ्या प्रेक्षकांचा श्वास निराळा असतो.

तोकुझो उठला. बाकावर चढला. आणि मैदानाकडे पाठ करून आमच्या माणसांसमोर उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याने मैदानाकडे कधी पाठ केली नव्हती. लघवीलासुद्धा तो दोन डावांच्या मध्ये जायचा.

"कुणी ओरडायचं नाही!" तो आवाज! महिनाभर कोंडलेला. "ते वाक्य माझं आहे. मी ते परत घेतोय."

"बोललेलं परत घेतात होय, मिझोगुची-सान?"

"मी घेतो!"

"अहो, खाली बसा! दिसत नाहीये!"

"ज्याला ओरडायचंय त्याने माझ्या तोंडावर ओरडा. तिकडे नाही."

मग ओरडले की! "चटईवाल्या, फुकट वाटायला काय आणलंस?" कुणी बिअरचा रिकामा कागदी पेला मारला, तो त्याच्या छातीला लागून माझ्या मांडीवर पडला. तोकुझो उभा राहिला. हळूहळू आवाज विरले. लांबच्या माणसावर ओरडणं सोपं असतं. समोर हातभर अंतरावर टोपी हातात धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यावर शंभर जणांना एका सुरात ओरडता येत नाही.

"तोकु-सान, वळ आता," बान्नो कुजबुजला. "टाकतोय तो."

"मी वळलो की हे सुरू करतील."

आणि तो आमचे चेहरे बघत राहिला. मैदानात काय चाललंय हे त्याला आमच्यावरूनच कळणार होतं. पहिला चेंडू बाहेर गेला. दुसराही. तिसरा, चौथाही. तोकुझोची नजर माझ्यावर येऊन थांबली. रंगमंचावर राजवाडे जळताना, मुलगा मारला जाताना मी चेहरा कोरा ठेवला आहे. त्या दिवशी मला जमलं नाही. फलंदाज चालत गेला ते त्याने माझ्या ओठांवर वाचलं.

पण कुणी ओरडलं नाही. पुढचा चेंडू आत पडला. त्याच्या पुढचा फटकावला गेला, त्यावर एक धाव गेली. मग एक बाद, आणखी एक, आणि शेवटचा फलंदाज बॅट हवेत फिरवून रिकामाच परतला. बान्नोने इतक्या जोरात माझा दंड आवळला की दोन दिवस काळा राहिला. ढोल वाजला. तेव्हाच तोकुझो वळला. सेगावा मान खाली घालून कठड्याच्या आत शिरत होता. तोकुझोला त्याच्या पाठीवरचा आकडा तेवढा दिसला.

सामना बगळे हरले. बसच्या थांब्यावर बरीच गर्दी होती, आणि कुणी तोकुझोशी बोलत नव्हतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "शेवटचा चेंडू कसा टाकला त्याने?"

"छान टाकला."

"छान म्हणजे कसा?"

मी पिशवी बान्नोच्या हातात दिली. डावा हात मागे नेला, हनुवटी खांद्याशी आणली, उजवा गुडघा उचलला, आणि थांबले. लोक बाजूला सरकले. तोकुझो एकटक बघत होता.

"पाय एवढाच वर?"

"त्याचा याच्या दुप्पट. माझा एवढाच जातो."

"आणि थांबला होता? सोडायच्या आधी?"

"थांबला होता."

"ऐकत होता?"

मी पाय खाली ठेवला. खोटं बोलणं माझा धंदाच होता. पण त्याच्यासमोर मी कधी खोटं खेळले नव्हते.

"थोडंसं," मी म्हणाले.

तोकुझोने मान हलवली. बस आली. "मंगळवारी पुन्हा आहे," तो म्हणाला, आणि मला चढायला हात दिला.