नंबर मोठा, सूत बारीक

आमच्या घरात मोठा नंबर म्हणजे बारीक माल, हे मला बहुतेक चालायला लागायच्या आधीपासून ठाऊक होतं. सुताचं तसंच असतं. वीस नंबरचं सूत जाड, साठचं बारीक, ऐंशीचं तर इतकं नाजूक की उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत सारखं तुटत राहतं. भिवंडीच्या टेमघरला आमची सोळा लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड होती आणि बाबांनी ती जाड्या सुतावर उभी केली होती. बारीक सुताचा नाद मोठ्या लोकांनी करावा, असं ते म्हणायचे. अशा माणसाला ग्राफिक्स कार्ड समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी नुकतीच बारावी झाले होते आणि स्वतःला भलतीच शहाणी समजत होते.

कल्याणला थ्रीडी अ‍ॅनिमेशनचा एक क्लास निघाला होता. मला तिथे जायचं होतं. क्लासवाल्यांनी सांगितलं, कॉम्प्युटर स्वतःचा हवा आणि त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं. टेमघरला तेव्हा लाईट यायची कमी आणि जायची जास्त, म्हणून मी लॅपटॉपचा हट्ट धरला. गेमही खेळायचे होते, ते मी कधी लपवलं नाही. मामाच्या मुलाकडे गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. त्यात मी कायम शेवटची यायचे, कारण मधेच गाडी थांबवून ओल्या रस्त्यावर पडलेला दिव्यांचा उजेड बघत बसायचे. तो माझ्या नावाने बोटं मोडायचा. मला मात्र एकच प्रश्न पडायचा, की हा उजेड बनवायला कोण बसलं असेल?

बाबांची अट एकच. "जी वस्तू मना कलत न्हाय, ती मी घेत न्हाय." ही अट त्यांनी मिक्सरपासून मोटरसायकलपर्यंत सगळ्यांना लावली होती. त्यांना कार्ड कळलं तर क्लास. नाही कळलं तर भिवंडीतच बी.कॉम. आणि शेडच्या ऑफिसात पंख्याखालची खुर्ची. खुर्ची तशी वाईट नव्हती. पण त्या खुर्चीत बसलेलं माणूस पुन्हा उठत नाही, हे मी माझ्या दोन्ही काकांच्या बाबतीत पाहिलं होतं.

बाबांना ऐकू फार कमी यायचं. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यावर कान तरी किती टिकणार? शेडमध्ये तसंही कोणी बोलत नाही, सगळं हातांनी चालतं. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला. तळहात खाली दाबला म्हणजे बंद कर. नवीन बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा तो भलामोठा रूळ, लूमवर चढवला की आधी वीतभर कापड विणून थांबायचं. मग बाबा येणार, ते कापड अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून चोळणार, डोळे बारीक करणार. मनासारखं असलं तर हवेतच मूठ वळून आपल्याकडे ओढणार, लूमचा दांडा ओढतात तशी. म्हणजे चालू कर. ही खूण झाली की त्या लूमकडे ते परत वळून बघत नसत. घरीही याच खुणा चालायच्या. भात पुरे झाला की आम्ही सगळेच तळहात खाली दाबायचो, आणि आई तरी आणखी एक डाव वाढायची.

घरी मी त्यांना कार्ड समजवायचा प्रयत्न केला. कागदावर चित्रं काढली, ओठ वाचता यावेत म्हणून तोंडासमोर बसून सावकाश बोलले. बाबा मान हलवायचे आणि शेवटी विचारायचे, "पन तं करतं काय?" आई भाकऱ्या थापताना म्हणाली, "गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधल बरा व्हता." आमच्या दोघांपैकी गाढव कोण, ते तिने सांगितलं नाही.

शेवटी एका शुक्रवारी आम्ही निघालो. शुक्रवारी भिवंडीचे कारखाने बंद असतात. त्या दिवशी गावाला अचानक स्वतःचा आवाज ऐकू येतो, कावळे, सायकलच्या घंट्या, कुठल्यातरी घरातली फोडणी. धामणकर नाक्यावर एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकानदार जुम्म्याची नमाज आटोपून नुकताच आला होता. पन्नाशीचा माणूस, मेंदी लावलेली दाढी. त्याच्या वडिलांचेही लूम होते, त्यामुळे बाबांशी त्याची तोंडओळख होती. त्याने आमच्या ऐपतीतले दोन लॅपटॉप काचेवर मांडले.

"शेठ, ये चौऱ्याऐंशीशे का कार्ड, और ये शहाऐंशीशे का," तो म्हणाला. "बाकी दोनो सेम. हा थोडा महाग."

बाबांनी ओठ वाचले आणि ताबडतोब पहिल्यावर हात ठेवला. "यो दे."

"अहो, दुसरा चांगला आहे," मी म्हणाले.

"नंबर लहान, म्हंजे माल जाड. टिकंल. त्यो मोठ्या नंबराचा रोज तुटंल, आन तू रोज रडशील."

आपल्या हुशारीवर ते इतके खूश होते की मला हसू आवरेना, आणि रागही येईना. बिचाऱ्यांनी आठवडाभर माझं ऐकून ऐकून स्वतःच्या पद्धतीने कार्ड समजून घेतलं होतं. मी मान हलवली. इथे उलटं आहे, बाबा. इथे मोठा नंबर म्हणजे जास्त ताकद.

त्यांना ते पटेना. मग म्हणाले, "आता लहानच घे. कमी परला तर मागून बदलू." लूमचं तसंच असतं. दहा वर्षांत लूमचा एकूण एक भाग बदललेला असतो, तरी लूम तोच.

दुकानदाराने मान हलवली. "लॅपटॉपमध्ये न्हाय बदलता येत, शेठ. कार्ड आत पक्कं बसवलेलं हाय. एकदा घेतला, कायमचा घेतला."

बाबांनी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. "जं बदलता येत न्हाय, तं कशाला घ्यायचा?" आणि ते उठले. पंख्याखालची ती खुर्ची मला तिथे, त्या दुकानात, स्पष्ट दिसली, तिच्या फाटक्या रेग्झिनसकट.

मी त्यांचा हात धरून त्यांना परत बसवलं. पाठ केलेलं सगळं विसरले, आणि जे तोंडात आलं ते बोलले. "बाबा, चित्र म्हणजे नुसते ठिपके. जिथे उभा धागा आडव्याला भेटतो ना, तसा एकेक ठिपका. असे लाखो. एकटा माणूस कितीही हुशार असला तरी एवढे ठिपके विणून होतील? म्हणून शेड घालतात. कार्ड म्हणजे शेड. आत पुष्कळ लूम, सगळे एकदम चालणारे."

बाबा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग दुकानदाराला म्हणाले, "ह्यान लूम किती?"

आता दुकानदार हसेल असं मला वाटलं. पण तो लूमवाल्याचा मुलगा होता. त्याने कागद बघितला आणि गंभीरपणे सांगितलं, "चौऱ्याऐंशीशेमध्ये सोळा. शहाऐंशीशेमध्ये बत्तीस."

"सोला?" बाबा म्हणाले. "आन हाय केवरा?"

दुकानदाराने आपल्या अंगठ्याचं नख दाखवलं. बाबांनीही स्वतःचा अंगठा वर केला आणि त्याच्या नखाकडे बघू लागले. लूमच्या तेलाने कडा काळी झालेलं नख ते. आमची अख्खी शेड, पत्र्यांसकट, त्या नखावर मावली होती. मला अचानक जाणवलं की मलाही हे आजच कळतंय. इतके दिवस मी नुसते नंबर पाठ केले होते.

दुकानदाराने दोन्ही लॅपटॉपवर एकच नमुना लावला. एक खोली, एक उघडी खिडकी, खिडकीला पांढरा पडदा. वारा येत होता. पहिल्यावर पडदा अडखळत हलत होता, पत्रा हलावा तसा. दुसऱ्यावर तो फुगला, त्याला चुणी पडली, चुणीत सावली भरली, आणि खालचा काठ हळूच भिंतीला लागून परत आला. असं काही करायला शिकायचं, ह्याखेरीज मला जगात दुसरं काही नको होतं.

तेवढ्यात लाईट गेली.

भिवंडीत लाईट गेली की सगळं जागच्या जागी थांबतं. अर्धा विणलेला धागासुद्धा. बाबा सवयीने दाराकडे वळले. पण अंधाऱ्या दुकानात ती खिडकी तशीच उजळ होती. पडदा जरा मंदावला, पण हलत होता.

"लाइट नसताना?" बाबा म्हणाले.

"बॅटरी, शेठ."

बाबा पुढे सरकले. त्यांनी हात लांब केला, पडद्याच्या काठापाशी अंगठा आणि बोट टेकवलं, आणि काचेवर चोळलं. एकदा, मग परत. डोळे बारीक केले. काचेवर डाग पडतील म्हणून दुकानदाराने त्यांना अडवलं नाही, त्याबद्दल मी त्याची आजही आभारी आहे.

"यो कपरा कोनी इनला?" त्यांनी मला विचारलं.

"कोणीतरी बसून बनवला, बाबा. तेच शिकवतात त्या क्लासमध्ये."

"सूत न्हाय?"

"न्हाय."

"मंग आपल्या शेडची बी गरज न्हाय," ते म्हणाले. मला वाईट वाटलं आणि भीतीही वाटली, कारण ते रागावले नव्हते. देवळात आरती चालू असताना बघतात तसे ते त्या पडद्याकडे बघत होते.

लाईट आली. पंखा फिरू लागला. दुकानदाराने विचारलं, "तो शेठ, कौनसा?"

बाबांनी शहाऐंशीशेच्या लॅपटॉपला नुसतं बोट लावलं. मग त्यांनी हवेत मूठ वळली आणि आपल्याकडे ओढली. दुकानदाराला वाटलं, बांधून दे म्हणतायत, आणि तो खोकं शोधायला वाकला.

पण बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. मग ते उठले, जिना उतरले, आणि वळून न बघता नाक्यावर रिक्षा बघायला गेले.