मामाच्या मुठीतली भीती

फोन वाजला तेव्हा मी मोशीतल्या घरात बाणांना नवी पिसं चिकटवत बसले होते. सकाळीच हॉस्पिटलला गेलेली आई बोलत होती. "मामा गेला गं..." बस्स, एवढंच. अहो, ऑपरेशन नीट झालं होतं, डॉक्टरांनीच तर आदल्या संध्याकाळी आम्हाला घरी पाठवलं होतं! मला रडू आलं नाही. भीती वाटली. ती इतके आठवडे झाले तरी गेलेली नाही.

दत्तामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. चाकणजवळच्या गावचा, कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा, आणि एक नंबरचा भित्रा! पाल दिसली की हा अंगणात, लिफ्ट दिसली की हा जिन्यात. आम्ही सगळे त्याची टर उडवायचो. तो म्हणायचा, "भ्या वाटतंय तर वाटतंय. लपवू कशाला?" मी धनुर्विद्येच्या नादाला लागले तेव्हापासून मैदानावर ने-आण त्याचीच. शिफ्ट सुटली की गाडीला किक, मागे मी, पाठीवर धनुष्याची पेटी आणि पुढे त्याच्या पायाशी घडीचं स्टूल.

आमच्या सामन्यात पंधरा बाण असतात, प्रत्येकाला फार तर दहा गुण. म्हणजे दीडशे. त्यापुढे आकडाच नाही, जगातल्या विक्रमवाल्यांनाही नाही. सुरुवातीलाच एखादा नऊ गेला तर जीव भांड्यात पडतो, कारण विक्रमाचा प्रश्नच मिटतो. पण दहावर दहा लागत गेले की वाट लागते. निशाण समोर स्पष्ट दिसत असतं आणि बाण सोडायच्या खटक्यावर बोट काही केल्या दाबलं जात नाही...

म्हणून शेवटच्या तीन बाणांआधी मामा स्टूल फिरवायचा आणि निशाणाकडे पाठ करून बसायचा. "मला न्हाई बघवत. तुझं भ्या आण हिकडं, मी धरतो. तू जा." मी त्याच्या तळहातावर काहीतरी ठेवल्यासारखं करायचे, तो मूठ मिटायचा. बाण संपले की मूठ उघडून विचारायचा, "लागला का गं?" पोरखेळच, पण माझा हात खरंच स्थिर व्हायचा.

माझ्यासाठी तो एकदा परदेशातही आला. विमानात पूर्ण वेळ डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होता बिचारा! तिथे माझे ओळीने चौदा दहा लागले. मी प्रेक्षकांकडे पाहिलं. मामा पाठ करून बसलेला, मिटलेली मूठ डोक्यावर धरलेली. पंधरावा बाण नऊवर गेला. मी रडत त्याच्याजवळ गेले.

"लागला का गं?"

"नऊ, मामा. गेला विक्रम."

"म्हंजी लागला की!"

रडता रडता मला हसू फुटलं.

ऑपरेशनला आत नेताना त्याचे ओठ पांढरे पडले होते. माझं मनगट धरून म्हणाला, "पोरी, लय भ्या वाटतंय गं." मी तळहात पुढे केला. "आण इकडे. मी धरते. तू जा." त्याने माझ्या हातावर ठेवल्यासारखं केलं, मी मूठ मिटली. त्याचा चेहरा निवळला, खरंच निवळला. आणि तो गेला. शुद्धीवर येऊन माझी मूठ उघडायला आलाच नाही.

आता निवड चाचणी तोंडावर आलीय आणि माझा बाण सुटत नाही. ताणते, थांबते, उतरवते. माझी भीती आणि त्याची भीती, दोन्ही माझ्याचकडे आहेत. द्यायची कुणाला? जन्मभर असंच झालं तर?

परवा मी त्याचं स्टूल मैदानावर नेलं. निशाणाकडे पाठ करून मांडलं. ताणलं, उतरवलं, पुन्हा ताणलं. भीती गेली बिली काही नाही. घाबरलेल्या हातानेच बाण सुटला. दुर्बिणीतून पाहिलं, तर पार कडेच्या निळ्या वर्तुळात. सहा. नवशिक्याही लाजेल असा.

मागे वळले. स्टूल होतं तिथेच होतं. विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच सांगून टाकलं.

"लागला की, मामा."