शेळ्यांची घडवंची

माझं माहेर चारठाण्याचं. वडील सुतार होते, त्यामुळे रंधा, पटाशी, करवत ही घरातलीच माणसं असल्यासारखी वाटायची. लग्नानंतर वालूरला आले आणि नवऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसू लागले. अलीकडे मोबाईलवर बघून घरीच काहीबाही करणारी गिऱ्हाइकं वाढलीत. स्क्रू पिळला की फळी का चिरते? आधी बारीक भोक पाडा. करवत का अडकते? दाबू नका, हलक्या हातानं ओढा. बोलता बोलता दुपार निघून जाते, आणि मला ते आवडतं.

एका बाजाराच्या दिवशी गावाबाहेरच्या वस्तीवरच्या मावशी आल्या. शेळ्या पाळतात. मालक वारले, मुलगा पुण्याला.

"एक करवत द्या, हलकी."

"कुणाला पाहिजे?"

"मलाच. गुडघे लय दुखायलेत. धार काढायला खाली बसलं की उठवत न्हाई. शेळीच वर चढवायची म्हणते."

त्यांना शेळी उभी राहील अशी चार पायांची उंच लाकडी घडवंची हवी होती. मुलगा दिवाळीला आल्यावर करून घेऊ म्हणाला होता.

"तवर गुडघे थांबत्यात व्हय?" त्या म्हणाल्या.

मी करवत दिली, मापाची टेप दिली, पाय कसे जोडायचे ते खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून दाखवलं. मग त्यांचे फोन सुरू झाले. बाभळीत खिळा वाकतो. मी म्हटलं, बाभूळ आहे ती, वाकणारच. भोक पाडून स्क्रू लावा, आणि स्क्रूला आधी साबण चोळा. "अंगाचा का कपड्याचा?" त्यांनी विचारलं. मी इतकी हसले की नवरा आतून बघायला आला.

एके दिवशी मात्र आवाज रडवेला होता. "ताई, घडवंची डगडग करायली. एक पाय कापला तर दुसरा लांब व्हायलाय. कापून कापून पार बुटकी झाली."

"करवत खाली ठेवा," मी म्हटलं, "मी येते."

दुकान नवऱ्यावर सोपवून गेले. अंगणात ती घडवंची उभी होती, नुसत्या पाटापेक्षा थोडीच उंच. मावशी शेजारी भुशात बसलेल्या. मी जोड हलवून पाहिले. एकही सैल नव्हता. मग दोघींनी ती उचलून पडवीतल्या शहाबादी फरशीवर नेली आणि चारी पायांखाली ढलप्या सरकवून पाहिल्या. मावशींनी शेवटी शेवटी कापलेले दोन पाय आखूड निघाले. पण मूळ गोम अंगणात होती. पावसाचं पाणी जावं म्हणून तिथं उथळ चर काढलेला, त्यामुळे एक पाय कायम अधांतरी राहायचा.

"मावशी, घडवंचीच्या पायांत मुळात खोट नव्हती. जमीन वाकडी आहे."

"अगं बाई! बिनगुन्ह्याचे पाय कापले म्हण की."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग प्रत्येक पायाला बाजूनं नवा तुकडा स्क्रूनं जोडला. फरशीवर ठेवून चारी पाय सारखे केले. मी धरायचे, त्या पिळायच्या. त्यांचा हात माझ्यापेक्षा सावकाश, पण स्क्रू सरळ जायचा. अंगणात माती ओढून चार चपटे दगड बसवले आणि त्यांवर घडवंची ठेवली.

शेळी काही चढेना. पुढून ओढलं, मागून लोटलं, तिनं चारी पाय रोवले. शेवटी मावशींनी घडवंचीवर शेंगांचा पाला टाकला आणि पाठ फिरवली. "आपण बघायलोत म्हणून लाजती," मला म्हणाल्या. खरंच, जरा वेळानं खुरांचा टकटक आवाज आला.

मावशी खुर्ची ओढून बसल्या आणि धार काढू लागल्या. पाठ ताठ, पाय पसरलेले. मुलाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांनी मोबाईल माझ्या हातात देऊन सगळं दाखवायला लावलं.

"आई, कोणत्या मिस्त्रीकडून केलीस?" मुलानं विचारलं.

"मिस्त्री आता धार काढायलाय," त्या म्हणाल्या, "मागून फोन कर."

त्या दुधाचा चहा झाला. मी एरवी शेळीच्या दुधाचा चहा पीत नाही. त्या दिवशी दोन कप प्यायले.