दगड कधी गाडाचा, साहेब?

नोकरीत तपासलेले बाकीचे गुन्हे डोक्यातून पुसले गेले. ही घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की डोकं तापतं.

ऐंशीच्या दशकात मी एटापल्लीकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. सागवान तोडणारा एक मजूर जंगलात मेला. 'झाड अंगावर पडलं,' अशी खबर ठेकेदारानेच दिली. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, प्रेत बायकोच्या ताब्यात दिलं. पुढे आरमोरीच्या बाजारात त्याच ठेकेदाराची लाकडं वाहणारा एक ट्रकवाला आमच्या हवालदाराला चहा पिता पिता बोलून गेला, "झाड पडाच्या आधीच मानूस पडला होता, भाऊ."

मी कामावरच्या मुकादमाला बोलावलं. त्याचं एकच पालुपद, झाड पडलं. म्हटलं, चल, दाखव. झाड ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला आधी खाच मारतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. खाच ओढ्याकडे, झाडही ओढ्याकडे पडलेलं. प्रेत मात्र टेकडीच्या बाजूला सापडलं होतं.

"झाड उलटं फिरून आलं काय रे?"

मग मुकादमाने खरं सांगितलं. वनखात्याने तोडीची खूण न केलेली झाडं चोरून तोडायला त्या मजुराने नकार दिला होता, म्हणून ठेकेदाराने कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याचं डोकं फोडलं. मुकादमाचा जबाब मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवला, ठेकेदाराला अटक केली, दोषारोपपत्र पाठवलं.

ठेकेदार जामिनावर सुटला, नागपूरला हायकोर्टात गेला आणि खटल्यावर स्थगिती घेऊन आला. ती वाढतच गेली. कधी वकील आजारी, कधी कागद अपुरे.

त्या मजुराच्या गावात मेलेल्यासाठी दगड उभा करतात. दगड उभा राहीपर्यंत मेलेला पूर्वजांत जात नाही, बाहेर भटकतो. असं अवचित मरण आलं, तर माणूस कसा मेला ते गावच्या जाणत्यांनी आधी सगळ्यांसमोर सांगायचं, मगच दगड. पण जाणते म्हणाले, मामला सरकारात गेला, आता कोर्टच सांगेल. एवढा विश्वास टाकला हो त्यांनी!

मजुराची बायको ठाण्यात येऊन विचारायची, "कोर्टानं सांगतलं काय? माया मानूस अजून बाहीरच हाये. दगड कधी गाडाचा, साहेब?"

"स्थगिती आहे, बाई. कोर्टाला थांबायला सांगितलंय."

"अन् त्याले काऊन नाई थांबवलं? तो तं ट्रक घेऊन फिरून राह्यला!"



कित्येक वर्षांनी स्थगिती उठली, तेव्हा मुकादम हिवतापाने मेलेला होता. उलटतपासणी न झालेला त्याचा जबाब कोर्टात टिकला नाही. ठेकेदार संशयाचा फायदा मिळून सुटला.

निकाल सांगायला मी स्वतः गावात गेलो. बाईने विचारलं, "कोर्ट काय म्हनलं?"

"पुरावा नाही म्हणालं."

"तो कसा मेला, ते?"

"ते नाही सांगितलं."

जाणते बसलेच होते. त्यांतला म्हातारा म्हणाला, "मंग तुमी सांगा." मी अंगावरच्या वर्दीनिशी उभा राहिलो आणि सांगितलं, "झाडानं नाही मेला. ठेकेदारानं मारला." त्याच दुपारी दगड उभा राहिला. बाई धाय मोकलून रडली.

ठेकेदाराने तक्रार केली. वरून खुलासा मागवला. मी लिहिलं, 'गावाने विचारलं, मी सांगितलं. पुन्हा विचारतील तर पुन्हा सांगेन.' बढती अडली. अडू दे!

स्थगिती मागणं हा आरोपीचा हक्क आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण ती देताना साक्षीदाराची साक्ष तरी आधी नोंदवून घ्या. ताप काही कोर्टाचा हुकूम पाळत नाही. शिकलेली मंडळी मला अजून ऐकवतात, निर्दोष सुटलेल्याला खुनी म्हणता येत नाही. असेल. मग त्या बाईला तिचा नवरा कसा मेला, हे कोणी सांगायचं होतं? मी सांगितलं.